मिरज आलं का मिरज?

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या ना. कढीपत्ता देते तोडून, पण आधी आमच्याकडची गंमत ऐका. आमच्या घरात मिरज जंक्शन झालंय. हसू नका, खरंच सांगतेय!

आमचा चिंटू आता दोन वर्षांचा झाला. पॉटीवर बसवलं की भोकाड. सूनबाई मोबाइल हातात देऊन बसवायची. हा पठ्ठ्या व्हिडिओ बघणार, उठणार आणि पडद्याआड जाऊन उभ्याउभ्या कार्यभाग उरकणार.

मग ह्यांनी रेल्वे काढली. स्वयंपाकघर म्हणजे भिलवडी, देवघर नांद्रे, सोफा माधवनगर, टीव्हीखाली सांगली. पॉटी ठेवली तिथं मिरज! सकाळी खिमट खाल्लं की गाडी सुटते. ह्यांचा शर्ट धरून चिंटू मागे, शिट्टी तोच वाजवतो. प्रत्येक स्टेशनावर पॅसेंजर घ्यायचे. पॅसेंजर कोण? टोपलीतले बटाटे! उकिडवं बसून बटाटा उचलायचा, उठायचं, पुढचं स्टेशन. मधेच घाट लागला की बदकासारखं चालायचं. ह्यांचे गुडघे बोलतात हो, पण सांगायचं कुणी?

आणि चेष्टा नाही, त्यात तथ्य आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात अन्न पडलं की आतडी आपोआप हलायला लागतात, म्हणून खाण्यानंतर वीस-तीस मिनिटांनीच बसवा. चालण्यानं त्याला आणखी जोर येतो. उकिडवं बसायची सवय झाली की शी करतानाही सोपं जातं. आपल्या सासवा पोरांना दोन पायांवर बसवायच्या, ते काय उगीच? आता खुर्चीसारखी पॉटी आली, तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट ठेवा, म्हणाल्या. आणि पाच मिनिटांत नाही झाली तर उठवा, गाडी परत भिलवडीला. रागवायचं अजिबात नाही. धाकानं पोरं शी दाबून धरतात, मग ती कडक होते, दुखते, आणि पुन्हा बसायलाच घाबरतात.

दूधही कमी केलंय हं. अर्ध्या लिटरच्या वर दूध ढोसलं की भूक मरते आणि पोट साफ होत नाही. समोरच्या काकू मात्र ऐकवतात, ‘आमची तर वर्षाचीच सांगायला लागली.’ लागली असेल! तिला वेळेवर धरून बसवत होत्या त्या, शहाणपण कुणाचं ते बघा. आणि चिंटू चालत नव्हता तेव्हा, वॉकर घ्या, लवकर चालेल, हाही त्यांचाच सल्ला. माझी भाची टोरांटोला असते. कॅनडात त्या चाकांच्या वॉकरवर २००४ पासून बंदीच आहे, जिन्यावरून पोरं कोसळायची म्हणून.

सूनबाईनं नाडीच्या चड्ड्या काढून टाकल्या. इलॅस्टिकची हवी, त्याची त्याला खाली ओढता आली पाहिजे. नाहीतर गाडी वेळेवर, पण दार बंद!

रात्रीचा डायपर आहे अजून. त्याला वेळ लागतो, घाई नाही.

आता दिवसा बहुतेक वेळा स्वतःच ओरडतो, ‘मिरज आलं!’ परवा लग्नात ऐन मंगलाष्टकांत ओरडला. ह्यांनी उचलून धूम ठोकली. आणि आमच्या जाऊबाई, माहेर मिरजेचं ना त्यांचं, गाल फुगवून बसल्यात. म्हणतात, ‘सांगलीला नसती का करता आली?’