वाचलास का गा?

मूल असो, सिंदेवाही, आरमोरी नाहीतर चामोर्शी, आमच्याकडे तालुक्याच्या गावाला तहसील कचेरी, बसस्टँड, पानठेला आणि एक अभिजातवाले सर असतातच. सर म्हणजे बहुधा मराठीचे निवृत्त मास्तर. पण वनखात्याचे हेडक्लार्क किंवा बँकेचे कॅशियरही या पदावर निवडून न येता विराजमान झालेले आहेत. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक पुस्तक द्यायचं आणि एक वही, दिलेल्या पुस्तकांची.

सरांना पानठेल्यावर गाठू नये, असं सगळे म्हणतात आणि खर्रा घोटून होईपर्यंत सगळेच त्यांच्या तावडीत सापडतात. "चांगलं पुस्तक आहे, वाच" असं सर कधी म्हणत नाहीत. ते चेहरा पाडून विचारतात, "म्हणजे तू 'रणांगण' अजून वाचलंच नाहीस?" ऐकणाऱ्याला आपण घरपट्टी थकवल्यासारखं वाटतं. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ही कादंबरी सरांनी मूल ते गडचिरोली एस.टी.त किती जणांना सांगितली असेल, याचा हिशेब महामंडळाकडेही नाही. मूल सुटलं की युरोपातून बोट निघते, सावलीपर्यंत चक्रधर आणि हेर्टा प्रेमात पडतात, आणि व्याहाडनंतर वैनगंगेचा पूल लागायच्या आत हेर्टाचं काय होतं तेही सर डोळे पुसत सांगून टाकतात. मग पुस्तक हातात देतात. "आता निवांत वाच. शेवट मी मुद्दाम सांगत नाही."

सरांचा दुसरा विषय विदर्भ. चंद्रपुरात १९७९ ला साहित्य संमेलन झालं तेव्हा वामन चोरघडे अध्यक्ष होते आणि २०१२ ला वसंत आबाजी डहाके, हे ते घरच्या दोन लग्नांची याद सांगावी तसे सांगतात. 'धग' लिहिणारे उद्धव शेळके आपलेच. माडगूळकर माणदेशाचे खरे, पण 'सत्तांतर' लिहायला त्यांना नागझिऱ्यालाच यावं लागलं ना? आणि जे लेखक कशानेच विदर्भात बसत नाहीत, त्यांच्यासाठी शेवटचा हुकमी पत्ता : कागद. पान बोटांत चोळून सर म्हणतात, "बल्लारपूरचा असेल. म्हणजे बांबू गडचिरोलीचा. आपलाच माल छापून परत आला!" ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या दिवशी तर सरांनी अख्ख्या ठेल्याला चहा पाजला. थकलेली वेतनश्रेणी मागील तारखेपासून लागू झाल्याचा आनंद होता तो.

वहीत चार रकाने : नाव, पुस्तक, दिल्याची तारीख, शेरा. वाचण्यासारखा आहे तो शेऱ्याचा रकाना. 'रोवणा आटोपल्यावर वाचतो.' 'तेंदूपत्ता हंगाम संपू द्या.' 'नाटकाच्या तालमी चालू.' आणि भामरागडला बदली झालेल्या एका ग्रामसेवकापुढे, 'पर्लकोटेच्या पुरापलीकडे'. पूर ओसरून किती पावसाळे झाले, पण हा शेरा सरांनी खोडलेला नाही. माणसावरचा विश्वास उडाला तरी नदीवर भार टाकता येतो.

न वाचता निभावून न्यायची युक्ती मात्र गावभर ठाऊक आहे. पुस्तक परत देताना फक्त म्हणायचं, "सर, शेवट काही पटला नाही." पुढचा अर्धा तास सरच बोलतात आणि निरोप घेताना म्हणतात, "तुझ्याशी बोलून बरं वाटलं. बारकाईनं वाचलंस."

सरांच्या चरित्रातला सर्वांत गाजलेला प्रसंग दारूबंदीचा. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. त्यामुळे चंद्रपूरकडून येणाऱ्या गाडीची मध्येच कधी झडती होते. एकदा हवालदार बसमध्ये चढला आणि सरांच्या फुगलेल्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "काय हाये यात?"

"एकच प्याला," सर म्हणाले.

बस चिडीचूप. हवालदारानं एकदा सरांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "या वयात, सर? आणि एकच?"

"एकच, पण दोन प्रती आणल्या."

मग खुलासा झाला. खुलासा म्हणजे गडकरी, सुधाकर, सिंधू, तळीराम, नाटक रंगभूमीवर आलं ते १९१९ साल, त्याच वर्षी जानेवारीत सावनेरला गडकरी गेले म्हणजे अखेरचा श्वास विदर्भातच, आणि दारूबंदीचं एवढं प्रभावी हत्यार पोलिसांकडे असू नये ही खेदाची गोष्ट. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. हवालदार एक प्रत घेऊन उतरला तेव्हा कुठे बस हलली. वहीत नोंद आहे : 'चौकी, १ प्रत. जप्त?' तेव्हापासून सर दिसले की हवालदार बाहेरूनच हात करतो, "जाऊ द्या गाडी!"

अशा माणसाला खराखुरा वाचक भेटला तर काय होईल, याची कुणाला कल्पना नव्हती. भेटला तो एक वनरक्षक, पोरसवदा. 'सत्तांतर' घेऊन गेला आणि आठवड्यात परत घेऊन आला. सरांनी सवयीनं सुरुवात केली, "वानरांच्या टोळीतला सत्तासंघर्ष म्हणजे खरं पाहता..."

"सर, नवा हुप्प्या आला की आधी पिल्लांवर जातो, हे बराबर लिहिलं हाये," पोरगा म्हणाला. "आमच्या बीटातही झालं तसंच. पण मेलेलं पिल्लू ती आई दोन दिवस सोडे ना. एका हातानं धरून झाडावर चढे, तिथंही त्याच्या उवा पाहत बसे. मी पाहिलो."

ठेलेवाल्याचा घोटता हात थांबला. सर गप्प. उभा जन्म जंगलाच्या जिल्ह्यात काढलेल्या सरांचा वानरांशी संबंध आला होता तो घराच्या कवेलूंपुरता. तोही काठी घेऊन. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मग पुढं?" सरांच्या तोंडून हा प्रश्न गावानं प्रथमच ऐकला.

पोरगा पुढचंही बोलला, आणि जाता जाता म्हणाला, "तुमचं पुस्तक मी वाचलो. आता तुम्ही एक दिवस बीटात चला. पहाटे पाचला."

आता तो भेटला की पहिला प्रश्न त्याचा असतो, "सर, कधी येता?" सर सांगतात : गुडघा दुखतो. ऊन फार आहे. रोवणा आटोपू दे. सरांना शेती नाही, हे ठेल्यावर सर्वांना माहीत आहे. परवा त्यांनी पिशवीतून दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' काढलं. "येतो गा मी. तोवर हे वाच."

"वाचतो. पण सर, शेवट सांगू नका."

"अरे, याला शेवट नाही! बारा महिन्यांवर बारा लेख," सर म्हणाले, आणि चैत्रापासून सुरू झाले. भाद्रपदात पोराची बस आली. फाल्गुनापर्यंत सर थांबत नाहीत हे माहीत असल्यानं कंडक्टरनं घंटी मारली, आणि पोरगा तिथंच उभा राहिला.