नववी सिंफनी आणि महानारायण तेल

व्हिएन्ना

ती. अप्पांस,


पत्रास कारण तुमची नात. शाळेने ‘संगीत ऐकून चित्र काढा’ असा गृहपाठ दिला. बाईसाहेबांनी कागदावर निळा रंग ओतला, त्यात आईने पाठवलेल्या राख्यांच्या टिकल्या चिकटवल्या आणि जाहीर केलं, हा भूप. तुमचे जावई म्हणाले, हा भूप नव्हे, भूकंप. झालं, रडारड! शेवटी सगळ्यांना सेसेशनला नेलं.

सेसेशन म्हणजे इथल्या बंडखोर चित्रकारांनी 1898 मध्ये बांधलेली इमारत. माथ्यावर सोनेरी पानांचा घुमट. व्हिएन्नाकर त्याला चक्क कोबी म्हणतात. जवळच नाशमार्क्टचा भाजीबाजार असल्यामुळे जावई पिशवी घेऊन निमूट आले.

तळघरात गुस्ताव क्लिम्टचं ‘बेथोव्हन फ्रीझ’ आहे. तीन भिंतींवर, छताला लागून, 34 मीटर लांब! 1902 मध्ये इथल्याच एका प्रदर्शनासाठी त्याने ते बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीवरून काढलं. आणि अप्पा, त्यात काय काय आहे म्हणून सांगू! रंग आणि सोनं तर आहेच, वर आरशाचे तुकडे, रंगीत काचा, बटणंसुद्धा. आईचा शिवणाचा डबा भिंतीवर पालथा केल्यासारखं. नातीने बापाकडे असं बघितलं की त्यांनी पिशवीची घडी घालायला घेतली.

गोष्ट सुखाच्या शोधाची आहे. पिचलेली माणसं सोनेरी चिलखतातल्या वीराला साकडं घालतात. मधल्या भिंतीवर टायफियस राक्षस, माकडतोंड्या, पंखवाला, सापाच्या शेपटीचा. त्याचे डोळे शिंपल्याचे, खोलीत कुठेही उभं राहा, आपल्यावरच रोखलेले. शेजारी निळ्या घागऱ्यातली सुटलेल्या पोटाची बाई, अंगावर हे दागिने! वीर सोडला तर सज्जन मंडळी फिकट आणि सगळा थाट दुर्जनांचा. मला हे काही पटलं नाही. पण सुखाची आस त्याने झकास काढलीय. लांबसडक बायका भिंतीच्या वरच्या कडेने आडव्या तरंगत जातात, राक्षसाकडे ढुंकूनही न बघता.

पुढे वाद्य घेतलेली कविता, मग भिंत एकदम कोरी. आमचा थोरला म्हणाला, “रंग संपला?” खरं म्हणजे तिथे तेव्हा मोकळी जागा होती, पलीकडचा क्लिंगरने घडवलेला बेथोव्हनचा पुतळा दिसावा म्हणून. तुम्ही मात्र म्हणाला असतात, समेआधी जागा सोडलीय! कारण त्यानंतरच गाणाऱ्या बायकांचा ताफा येतो आणि मिठीतलं जोडपं. थोरल्याने फोनवर सिंफनी लावली, एक कान त्याला, एक मला. मिठीकडे बघायचं नाही म्हणून पोरगं टायफियसकडे बघत बसलं.

प्रदर्शन संपलं की हे सगळं पाडायचंच होतं. एका संग्राहकाने ते विकत घेतलं, सात तुकडे करून उतरवलं आणि बारा वर्षं फर्निचरच्या गोदामात ठेवलं. नंतर नाझींनी जप्त केलं, 1973 मध्ये सरकारने खरेदी केलं आणि दुरुस्त होऊन 1986 मध्ये ते सेसेशनमध्ये परत आलं. यावर जावयांचा एकच प्रश्न, “गोदामाचं भाडं कोणी भरलं?”

नातीने भूपात आता आईने पाठवलेल्या ब्लाउजचे हुक लावलेत. आईला इतक्यात सांगू नका. जूनमध्ये याल तेव्हा गोडा मसाला आणि महानारायण तेलाची मोठी बाटली आणा. चित्र फार उंचावर आहे, चौघांच्याही माना धरल्यात.

तुमची,
बेबी