शून्य रेखेचा पॅच

2023 च्या डिसेंबरात मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं, की जगाची मूळ रेखा ग्रीनिचची नसून उज्जैनची आहे, हे सिद्ध करण्यासाठी सरकार प्रयत्न करील. अशा वाक्याला टाळ्या पडणारच. पण टाळ्यांनी काटे हलत नाहीत. कोणत्या देशात आत्ता किती वाजले, हे बहुतेक फोनना टीझेड नावाचा ओपन सोर्स डेटाबेस सांगतो. साध्या मजकुराच्या काही फायली आहेत त्या. त्यांत दुरुस्ती सुचवायला ना आमदारकी लागते ना टोल भरावा लागतो. तेव्हा उज्जैनच्या अभिमान्यांनी मोर्चाआधी एक पॅच पाठवून पाहावा, असं माझं म्हणणं आहे. तो परत येईल, पण कशासाठी परत आला हे वाचण्याजोगं असेल.

कारण या फायलींचा दंडक फार अरसिक आहे: घड्याळात किती वाजायला हवे होते ते नको, किती वाजत होते ते सांगा, आणि पुरावा द्या. म्हणूनच भारताच्या नोंदीत अभिमानाला धक्का देणाऱ्या गोष्टी बिनदिक्कत बसल्या आहेत. नोंद कोलकात्याच्या नावाची, पण तिच्यात 1906 पर्यंत मद्रासची वेळ चालते, ग्रीनिचच्या पुढे 5 तास 21 मिनिटं 10 सेकंद. त्यानंतर साडेपाच तास आले आणि महायुद्धात काही काळ साडेसहा. शहराचं नाव 2001 साली बदललं, तरी डेटाबेसात कलकत्ता हे जुनं नाव अजून चालतं. ते काढलं तर कुठल्या तरी कचेरीतलं जुनं सॉफ्टवेअर मान टाकेल. उज्जैनला मात्र स्वतःची नोंद नाही. 1970 पासून ज्यांची घड्याळं एकसारखी चालली, त्यांना सहसा एकाच नोंदीत बसवतात. उज्जैनचा सूर्य भारतीय वेळेच्या सुमारे 27 मिनिटं मागे आहे, पण उज्जैनकर आगगाडी पकडताना सूर्याकडे पाहत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, आपल्या ज्योतिषग्रंथांत शून्य रेखा उज्जयिनीवरूनच जाते ना? जाते, आणि ही माहिती फायलीत कॉमेंट म्हणून मानाने बसू शकेल. फक्त कॉमेंट संगणक वाचत नाही. यच्चयावत पूर्वजांची हीच अडचण आहे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: परदेशात बसून हा डेटाबेस सांभाळणारे मेंटेनर आपली वेळ तपासणारे कोण? पण अवंतीच्या, म्हणजे उज्जैनच्याच, वराहमिहिराने सहाव्या शतकात खगोलगणिताचे पाच सिद्धान्त समोर ठेवून तपासले. त्याने पितामह आणि वसिष्ठ या घरच्या वडीलधाऱ्यांच्या नावांचे सिद्धान्त चुकीचे ठरवले, रोमक हे परकं नाव मिरवणाऱ्याला बऱ्यापैकी अचूक म्हटलं आणि सौर सिद्धान्ताला वरचा नंबर दिला. इतका निर्दय कोड रिव्ह्यू आज एखाद्या मेंटेनरने केला, तर त्याच्यावर संस्कृतिद्रोहाचा आरोप होईल. (ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने 2011 साली या डेटाबेसच्या दोघा सांभाळणाऱ्यांवरच जुन्या वेळांच्या माहितीसाठी खटला भरला होता. पुढच्या वर्षी तो मागे घ्यावा लागला. पत्रिका पाहून भरला नसावा.)

राहता राहिला फोर्क. मूळ प्रकल्पाला पटलं नाही, तर त्याची प्रत घेऊन वेगळं घर मांडायची मुभा ओपन सोर्समध्ये आहेच, आणि उज्जैनने ती वापरलीही: 29 फेब्रुवारी 2024 रोजी तिथे विक्रमादित्य वैदिक घड्याळाचं उद्घाटन झालं. त्यात एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तीस मुहूर्त असतात. फोर्क म्हणून मला हे मोर्चापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं. निदान स्वतःचं घड्याळ स्वतः चालवण्याची जबाबदारी त्यात आली. मात्र तोच हिशोब मूळ डेटाबेसात घालायचा, तर सूर्योदय रोज थोडा सरकतो आणि प्रत्येक गावी निराळा असतो. म्हणजे गावागणिक रोज नवा पॅच पाठवावा लागेल, आणि तो तपासायला मेंटेनरला ब्राह्ममुहूर्तावर उठावं लागेल, तेही कोणत्या गावच्या, हे आधी ठरवून.