एकच घाणा

आमच्या ह्यूस्टनच्या घरात फ्रिजच्या दारावर कालनिर्णय लटकतं. इथे ना दूधवाल्याचे खाडे मांडायचे असतात, ना सिलिंडर लागल्याची तारीख, तरी लटकतं. २०२२च्या नोव्हेंबरात आई त्याच्यापुढे उभी राहिली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि म्हणाली, "हे तुझं कोंबडं तळायचं कधी म्हणालास?"

"गुरुवारी. थँक्सगिव्हिंग गुरुवारीच असतं."

"चोवीस तारखेला?"

"हो."

"पहिला गुरुवार आहे. मार्गशीर्षातला."

चष्मा परत कपाळावर गेला. आमच्याकडे विषय संपला की चष्मा वर जातो.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार अमेरिकेच्या संसदेनं १९४१ साली कायदा करून पक्का केला. तेव्हा कालनिर्णय निघायला अजून ३२ वर्षं होती, त्यामुळे त्यांनाही दोष देता येत नाही. पण माझी तयारी बघा. बारा पौंडांची, म्हणजे साडेपाच किलोची टर्की सोमवारी संध्याकाळीच गॅरेजातल्या जादा फ्रिजमध्ये येऊन पडली होती. शेजारच्या आजोबांकडून शेगडी आणि पिंपाएवढं पातेलं ठरलं होतं. ऑफिसात तर मी सांगून मोकळा झालो होतो. आणि आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे माणसं बुधवार आणि रविवारसाठी जगतात, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडलेल्या घरात अंडंसुद्धा आवाज करत नाही. बायकोनं लगेच सासूची बाजू घेतली. एरवी ती बाजू बरीचशी रिकामी असते.

तळायचीच का, हा प्रश्न वाजवी आहे. आधी दोन वर्षं आम्ही ती ओव्हनमध्ये भाजली होती. चार तासांनी मांड्या शिजतात, तोवर छातीचा खादीचा तागा झालेला असतो. शेजारचे आजोबा मूळचे लुइझियानाचे. अख्खी टर्की तेलात सोडायची रीत त्यांच्याच मुलखातून सगळ्या अमेरिकेत पसरली. तिकडे परसात गॅसची शेगडी मांडून हंडाभर कोळंबी-क्रॉफिश उकडायची सवय आधीपासूनच असते. त्याच हंड्यात एके दिवशी पाण्याऐवजी तेल ओतलं की झालं. पौंडाला साडेतीन मिनिटं. बारा पौंडांना ४२ मिनिटं. कुंपणावर कोपर टेकून आजोबांनी हा हिशेब सांगितला तेव्हा मला तो मुक्तीचा मार्ग वाटला होता.

बायकोला तो थेट वर जाण्याचा मार्ग वाटला. तिनं मला एकामागून एक व्हिडिओ दाखवले. इथली अग्निशमन दलं दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी मुद्दाम गोठलेली टर्की उकळत्या तेलात टाकून दाखवतात. दोन सेकंद काही होत नाही आणि मग झाडाएवढा जाळ उठतो. 'स्टार ट्रेक'मधला कॅप्टन कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर, स्वतः टर्की तळताना भाजला होता. २०११ साली त्यानं एका विमा कंपनीसाठी त्यावर फिल्मच केली. "अंतराळात टिकलेला माणूस आहे हा," बायको म्हणाली, "आणि तू परवा टोस्ट जाळलास."

यातलं शास्त्र मात्र कुणालाही कळेल असं आहे. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. पक्ष्याच्या पोटात मूठभर बर्फ राहिला असेल तर ती जागा तेलाला सोडावी लागते. तेल पातेल्याबाहेर येतं, खाली शेगडी पेटलेलीच असते. आपल्याकडे ओली मिरची तळणीत टाकणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. ती फक्त पदर सावरून मागे सरकते, आकडा सांगत बसत नाही.

तर तळणं शुक्रवारवर गेलं आणि गुरुवारी घट बसला. पाच झाडांची पानं मिळाली नाहीत म्हणून परसातल्या लिंबाच्या झाडाच्याच पाच डहाळ्या तोडल्या गेल्या. पोथी झाली. कुंपणापलीकडे आजोबांची स्वतःची टर्की तळली जात होती आणि तिचा वास आरतीच्या तिसऱ्या कडव्याला घरात शिरला. आईनं डोळे मिटलेलेच ठेवले, फक्त टाळ्यांचा वेग वाढवला.

रात्री नैवेद्याचं ताट उचलल्यावर मी गॅरेजात गेलो. सहज म्हणून टर्कीच्या पोटात हात घातला. बोटं दगडाला लागली. आत गळा, काळीज, पेटी यांची कागदी पुडी असते. ती बर्फात अशी रुतली होती की जागची हलेना. नियम असा, की चार-पाच पौंडांना फ्रिजमध्ये एक आख्खा दिवस द्यावा लागतो. बारा पौंडांना तीन दिवस. मी ते शाळेतल्या परीक्षेसारखे मोजले होते, म्हणजे सोमवार धरून. दुपारी दोनचा मुहूर्त होता माझा. मी हात बाहेर काढला, पुसला आणि आत येऊन प्रसादाची खीर दुसऱ्यांदा मागून घेतली. बर्फाचं कुणाला बोललो नाही. अजून बोललेलो नाही. बायको मराठी मासिकं वाचत नाही या भरवशावर लिहितोय.

शुक्रवारी सकाळी पुडी अलगद सुटून आली.

मग मसाला. इथे मोठ्या इंजेक्शननं पातळ लोणी नि मसाला मांसात टोचतात. मी आईचा कांदा-लसूण मसाला लोण्यात कालवला. आमचा मसाला भरड. सुई तिसऱ्याच टोचणीला तुंबली. मी जोर लावला. सुई मोकळी झाली ती टर्कीत नव्हे, स्वयंपाकघरात. लाल पिचकारी फ्रिजवर गेली, कालनिर्णयावर, अगदी महिनाअखेरच्या चंपाषष्ठीपर्यंत पाझरली. "मुरवायचं असतं रे, रात्रभर," आई म्हणाली. "कोंबड्याला काय ताप आलाय?" मग तिनंच मसाला जुन्या मलमलीतून गाळून दिला.

पुढची पाच मिनिटं मला पक्की आठवतात. तिनं सुती साडीचा तुकडा घेतला, टर्की मांडीवर घ्यावी तशी ओट्याच्या कडेला घेतली आणि पुसायला लागली. पंख वर करून काखेत, मग मांड्यांच्या सांध्यात, मग गळ्याच्या चुण्यांत, कापड बोटाला गुंडाळून. माझ्या मुलीला न्हाऊ घातल्यावर ती अगदी अशीच पुसायची. "काखेत पाणी राहतं," ती म्हणाली. "बाळाला त्यानं चट्टे पडतात." टर्कीला काय होतं, ते मी सांगितलं नाही.

परसात, घरापासून चांगली पंधरा पावलं लांब, आजोबांनी शेगडी मांडली. तेल किती लागेल हे आधीच काढायचं असतं: टर्की रिकाम्या पातेल्यात ठेवून बुडेस्तोवर पाणी ओतायचं, मग टर्की उचलायची, पाणी उरतं तिथं खूण. आर्किमिडीज एवढ्यासाठीच न्हाणीतून धावत आला असावा. नंतर पातेलं मात्र कोरडं ठाक. खुणेपर्यंत अकरा लिटर शेंगदाणा तेल गेलं. आई मनात भाषांतर करत होती. "पाऊण डबा," ती म्हणाली. "एका कोंबड्याला." तिला घाण्याचं तेल हवं होतं, पण ते लवकर धुरावतं, म्हणून रिफाइंड.

तेल ३५० फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या १७७ सेल्सिअसला यावं लागतं. आजोबा हातभर लांब थर्मामीटर धरून वाकले होते. आईनं घरातून कणकेची गोळी आणली होती. ती तिनं त्यांच्या खांद्यावरून तेलात सोडली. गोळी बुडाली, क्षणभर विचार केला आणि बुडबुड्यांचा झगा घालून वर आली. "तापलं," आई मराठीत म्हणाली. आजोबांनी काटा बघितला. "यस मॅम," ते म्हणाले.

मग त्यांनी एक गोष्ट केली जिच्यामुळे आईचा त्यांच्यावर कायमचा विश्वास बसला: टर्की सोडण्याआधी शेगडी बंद केली. तेल उतू गेलंच, तरी खाली जाळ नको. हुकाला टांगलेली टर्की ते इतक्या सावकाश उतरवत होते, की गणपती विसर्जनाला जरा घाई असते असं वाटावं. तेल खवळलं, काठापासून चार बोटांवर येऊन थांबलं. शेगडी परत पेटली.

४२ मिनिटं तळणीपाशी बोलायचं काय, तर नाव. "तुर्कस्तानातलं का हे?" आईनं विचारलं. नव्हे, हा इथलाच, अमेरिका खंडाचा पक्षी. इंग्रजांनी तो तुर्कांवर ढकलला. तुर्की भाषेत त्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे ते आपल्यावर ढकलतात. फ्रेंचांचाही तोच आरोप. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. १६१२ साली मुकर्रबखानानं जहांगीर बादशहाला एक टर्की पक्षी गोव्याहून आणून नजर केला, तेव्हा बादशहाला तो एवढा अजब वाटला की त्यानं मन्सूर नावाच्या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं.

"चित्रच काढलं?" आई म्हणाली. "खाल्लं नाही?"

कातडी खारकेच्या रंगाची आणि पापडासारखी झाली होती. छातीत थर्मामीटर खुपसला, १६५ फॅरनहाइटच्या वर काटा गेला. कापली तेव्हा पहिल्यांदाच टर्कीतून रस आला. बायकोनं दोनदा घेतलं आणि अग्निशमन दलाचा विषय काढला नाही. आईनं दोन घास खाल्ले.

संध्याकाळी कोल्हापूरला मावशीला फोन. "केवढं म्हणजे? बकरीच्या पिल्लाएवढं... चव? आपल्या कोंबड्याची सर नाही गं. रस्सा कुठाय त्याला?... तळलं मात्र चांगलं पाव्हण्यानं. आणि अकरा लिटर तेल उरलंय, टाकून द्यायचं म्हणतोय हा. टाकतंय कोण? गाळून ठेवलंय. मिरचीची भजी काढायला घेतलीत, शेजारी वास गेलाय बहुतेक. थांब, दार वाजतंय. ताटली घेऊनच आलेत की. ठेवते."