रात्री दीडचा भिडू

‘डचेस ऑफ माँट्रोज’ या इंजिनाच्या तोंडाशी चार छोटी चाकं असतात. माझ्याकडच्या इंजिनाला तीन आहेत. चौथं कधी निखळलं हे घरात कोणालाच आठवत नाही. बहुधा ते आमच्या जुन्या वाड्याच्या फरशीत गेलं असावं, म्हणजे आता त्यावर उभ्या असलेल्या सोसायटीच्या पार्किंगखाली.

इंजिन खेळण्यातलं आहे. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीचा कारखाना होता. पट्ट्या आणि नटबोल्ट जोडून मुलांनी क्रेन बनवाव्यात ही कल्पना ज्यांची, त्या फ्रँक हॉर्नबींचा हा कारखाना. ते 1936 साली गेले आणि दोनच वर्षांनी तिथून ‘हॉर्नबी डब्लो’ या विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या बाहेर पडल्या. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, मधोमध विजेचा तिसरा रूळ. डचेस ऑफ माँट्रोज 1953 सालची, हिरव्या रंगाची. आमचे काका बोटीवर इंजिनिअर होते, त्यांनी ती लिव्हरपूलहून आणली. खऱ्या डचेस क्रू गावच्या कारखान्यात बांधल्या गेल्या. त्या वर्गाच्या 38 इंजिनांपैकी आज तीन शिल्लक आहेत, त्यांत माँट्रोज नाही. ती भंगारात गेली. तेव्हा आता माँट्रोज म्हणायची ती आमच्या कपाटातलीच. तीन चाकांची का होईना.

1964 साली मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्स या प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेली आणि डब्लोचा धंदा आटोपला. त्यानंतर डब्लोचा अस्सल सुटा भाग एकाच ठिकाणी मिळतो : दुसऱ्या कोणाच्या तरी मोडक्या डब्लोत. नव्याने केलेले नकली भागही मिळतात. ते उत्तम असतात, स्वस्त असतात आणि बसतातही. पण त्यांचा लिलाव होत नाही.

ऑनलाइन लिलाव बहुतेक रविवारी संध्याकाळी संपतात, कारण तेव्हा इंग्लंडातली माणसं निवांत असतात. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. ब्रिटिशांच्या घड्याळं मागेपुढे करण्याच्या सवयीशी आपला आता काही संबंध नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोथरूडमध्ये डिसेंबरातल्या रविवारी दीडपर्यंत जागून पाहावं. (त्याच कोथरूडमध्ये छोट्या रेल्वेगाड्यांचं जोशींचं म्युझियम 1998पासून आहे, त्यामुळे हे वेड या भागात अगदीच निराधार नाही. घरात हा मुद्दा मी अधूनमधून मांडतो.)

विकणाऱ्यांचं इंग्रजी फार सभ्य असतं. वस्तू ‘पोटमाळ्यावर सापडलेली’ असते, ‘तपासून पाहिलेली नसते’. तपासून पाहिली नाही म्हणजे तपासली, आणि चालली नाही. खोटं न बोलता गप्प कसं राहावं, हे त्यांच्याकडून शिकावं. ‘आमच्या घरात कोणी सिगारेट ओढत नाही’ हेही आवर्जून लिहितात. धूर ओकण्यात ज्यांच्या पूर्वजांचा जन्म गेला, त्या इंजिनांबद्दल ही काळजी!

खरी गोम असते फोटोत. तो बोटांनी ताणून मोठा करायचा आणि कडा न्याहाळायच्या. हे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ओतताना त्यात शिसं शिरलेलं असेल, तर धातू आतल्या आत कुजतो. आधी रंगाखाली केसाएवढी रेघ उमटते, मग भाग किंचित फुगतो, वाकतो, आणि एक दिवस नुसता उचलला तरी बिस्किटासारखा मोडतो. तिकडचे लोक याला ‘मझॅक रॉट’ म्हणतात. युद्धापूर्वीच्या मालात हे दुखणं जास्त. त्याला औषध नाही, आणि ते फोटोत दिसेलच असंही नाही. माझे कित्येक रविवार अशा एकेका रेघेकडे बघण्यात गेलेत : ही भेग, की नुसता ओरखडा, की विकणाऱ्याच्या मांजराचा केस?

भारतात थेट पाठवायला हे लोक सहसा राजी नसतात. राजी झाले तरी टपालखर्च वस्तूच्या वर जातो आणि त्यावर कस्टम्स. म्हणून पत्ता भाच्याचा, रेडिंगचा. तो बिचारा संगणकातला माणूस. पहिल्या पार्सलांनंतर त्याचा फोन आला. ‘‘मामा, तुझी पाकिटं आलीत. एकात नुसता एक स्क्रू आहे. चुकून आलाय का?’’

चुकून नव्हता. तो चाकाला दांडा धरून ठेवणारा स्क्रू होता. ताई तिकडून आली तेव्हा तो तिच्या बॅगेत स्वेटरच्या बाहीत गुंडाळून आला. जाताना याच बॅगेतून भाजणी गेली होती, त्यामुळे त्याला थालीपिठाचा वास होता. अजून आहे.

या व्यवहारात अक्कल कुठे आहे, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर बुधवार पेठेत मिळेल. मध्यंतरी डचेसची मोटर बंद पडली. तीन पोलचं इवलंसं आर्मेचर, आणि त्यावर स्प्रिंगने टेकलेले कार्बन ब्रश झिजून गेलेले. ते लिलावातून मागवायचे तर ताईच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबणं आलं. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने मोटर तळहातावर घेतली, डोळ्याशी नेली आणि म्हणाला, ‘‘काका, कार्बन गेलेत. मिक्सरचे घासून बसवतो.’’ कानसेवर चार हात मारले, फुंकर घातली, स्प्रिंग चिमट्याने मागे ओढून कार्बन सारला. तारा लावल्या तर चाकं गरगर फिरली. चटणीच्या भांड्याचं काम आधी घेतलं होतं म्हणून मला थांबवलं, एवढाच उशीर. पैसे इतके कमी सांगितले की मलाच संकोच वाटला.

त्याच आठवड्याच्या रविवारी मी अस्सल डब्लोच्या ब्रशवर बोली लावली.

याला कारण साहेब. बोली लावणाऱ्याचं पूर्ण नाव इतरांना दिसत नाही. दोन अक्षरं, मध्ये चांदण्या, आणि कंसात त्याच्या आजवरच्या व्यवहारांवरून मिळालेला आकडा. त्या आकड्यावरून आणि वागण्यावरून मी एकाला ओळखायला लागलो. आठवडाभर हा गृहस्थ फिरकत नाही. शेवटची पाच सेकंदं उरली की अवतरतो आणि वीस पेन्सने माझ्यावर मात करून जातो. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. त्यांतलं पहिलं नाव मी याला दिलं. मनातल्या मनात तो क्रू गावचा निवृत्त ड्रायव्हर आहे, विधुर आहे, चहात दूध नंतर घालतो. प्रत्यक्षात तो पाच वेगवेगळी माणसंही असू शकेल. मला तसं वाटून घ्यायचं नाही.

आमच्या गावच्या मंडळात विसर्जनाच्या रात्री देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो. तसलाच नारळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, पण वरच्या आळीच्या पाटलांनी बोली लावली की खालच्या आळीचे सावकार गप्प बसत नाहीत. आणि एखाद्या वर्षी सावकार लग्नाला परगावी गेले, तर नारळ पाटलांना स्वस्तात मिळतो आणि त्यांचा चेहरा पडतो. पाचशे रुपये वाचल्याचा आनंद त्या चेहऱ्यावर शोधून सापडत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी यावर बरंच डोकं चालवलंय. विल्यम विक्री यांनी 1961 साली मांडलं की, जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढीच रक्कम द्यायची असेल, तर शहाण्याने वस्तूची आपल्या लेखी जी किंमत असेल ती सरळ लिहून मोकळं व्हावं. ईबेची रीत साधारण याच्याच जवळची आहे. तुम्ही कमाल आकडा सांगून ठेवायचा, संगणक गरजेपुरती बोली चढवतो. म्हणजे आकडा टाकावा आणि झोपावं. विक्रींना 1996चं नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते वारले. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. अडचण एवढीच की पितळी स्प्रिंगची माझ्या लेखी किंमत किती, हे साहेबांनी बोली लावेपर्यंत मलाच ठाऊक नसतं.

पुढे अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी लोक शेवटच्या क्षणी बोली का लावतात हेच तपासलं. ॲमेझॉनवर तेव्हा लिलाव चालत आणि तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढे. ईबेवर घड्याळ कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे ईबेवर ऐनवेळी झडप घालणारे कितीतरी जास्त निघाले. म्हणजे साहेबांचा स्वभाव वाईट नाही, नियमच तसे आहेत. हे वाचून मला बरं वाटलं.

ईबेवर पहिली वस्तू विकली गेली 1995 साली : मोडका लेझर पॉइंटर, 14 डॉलर 83 सेंटना. संस्थापक पिएर ओमिड्यार सांगतात की, हा मोडका आहे हे कळलंय ना, असं त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं, तर तो म्हणाला, मी मोडकेच गोळा करतो. ही गोष्ट सगळे त्या गिऱ्हाइकाचं कौतुक म्हणून सांगतात. मला उत्सुकता दुसऱ्याची आहे. एकट्यानेच बोली लावली असती तर किंमत तिथवर चढली कशाला असती? मोडका लेझर पॉइंटर हवा असलेला जगात आणखी एक जण होता. त्याच्यामुळे पहिला वेडा ठरला नाही, संग्राहक ठरला.

मला एखादी वस्तू 99 पेन्सला, एकही प्रतिस्पर्धी न येता मिळते तेव्हा मी अस्वस्थ होतो. साऱ्या जगाने पाहिली आणि कोणालाच नको वाटली, ती आपण घेतली! साहेब आले असते तर चार पौंड गेले असते, पण निदान पृथ्वीवर आम्ही दोघं तरी होतो.

गेल्या थंडीत डचेसचा टेंडर लिलावात आला. रंग शाबूत, मागचं कपलिंग जागेवर. साहेबांनी शेवटच्या क्षणी नेला. चार दिवसांनी विकणाऱ्याचा निरोप आला : व्यवहार पुरा झाला नाही, तुमच्या बोलीला तुम्हीच घ्या.

मी फोटो पुन्हा उघडले. साहेब मागे हटले? साहेब? टेंडरच्या डाव्या कोपऱ्यात एक रेघ होती. आधी तो ओरखडा वाटला होता, आता वाटेना. हिला दाखवला.

‘‘अहो, एवढा हवा होता ना? मग घ्या की.’’

‘‘त्यांनी सोडलाय.’’

‘‘कोणी?’’

मी नकार कळवला. पुढच्या आठवड्यात तोच टेंडर, तेच फोटो, पुन्हा 99 पेन्सपासून लिलावाला लागला. रविवारी रात्री एक वाजून एकोणतीस मिनिटांपर्यंत आम्ही दोघांनी मिळून तो अठरा पौंडांवर नेला होता.