काऊन भाऊ, ब्रेक इकून टाकले काय?

हौसेने सायकल बांधून घेणाऱ्यांची एक जमात मोठ्या शहरांतून निघून आता आपल्याकडेही येऊ घातली आहे. तिचा रिवाज असा, की सायकलवरून एकेक वस्तू काढत जायची आणि काढलेल्या प्रत्येक वस्तूमागे किंमत वाढवत जायची. मडगार्ड काढायचं, कॅरिअर काढायचं, स्टँड आणि घंटी काढायची. गिअर तर नसतातच. मग फ्रीव्हीलही काढायचं, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलला सुट्टी नाही. एवढ्यावर सायकलीला ‘फिक्सी’ ही पदवी मिळते, आणि शेवटी ब्रेकही उतरवले जातात. ही पदवीधर सायकल घेऊन कोणी अचलपुरातल्या जुन्या मिस्त्रीपुढे उभा राहिला, तर मिस्त्री कौतुकाआधी चौकशी करील : “काऊन भाऊ, ब्रेक इकून टाकले काय?” माझ्या मते एका गिअरच्या सायकलीचे पार्ट निवडण्याचं सगळं शास्त्र या चौकशीत आलं. कोणता पार्ट का ठेवला आणि कोणता का काढला, याचा जाब रस्त्याला देता आला पाहिजे. अचलपूरच्या रस्त्यांना विचारत विचारत, पैशाची पर्वा न करता सायकल बांधायला घेतली, तर शेवटी हाती येते ती तीच काळी, उंच, दांडेवाली सायकल, जी जुन्या घरांत ज्वारीच्या कणगीमागे धूळ खात असते.

मुळात पार्ट निवडून सायकल बांधून घेणं ही नवी चैन आहे, हाच गैरसमज. आपल्याकडे काळी सायकल दुकानात सुट्या भागांनीच यायची आणि गिऱ्हाईकासमोर कसली जायची. सीट चामड्याची की रेक्झिनची, डायनॅमो लावायचा की नाही, कॅरिअर साधं की दुधाचे कॅन पेलणारं, यावर अख्खं कुटुंब दुकानाच्या पायरीवर बसून चर्चा करायचं. अ‍ॅटलास सोनिपतची, हीरो लुधियान्याची, हर्क्युलिस मद्रासची. पण मापं सगळ्यांची इतकी सारखी, की एकीचा छर्रा दुसरीत सहज खपायचा. या सारखेपणाची किंमत 2020 साली कळली. त्या वर्षी 3 जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकलदिनी, अ‍ॅटलासच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. योगायोगाने कसला मुहूर्त साधला! पण कारखाना थांबला म्हणून गावागावांतल्या अ‍ॅटलास काही थांबल्या नाहीत, कारण त्यांना लागणारा पार्ट कोणत्याही नावाच्या डब्यातून निघतो. उलट परदेशी हबची एक खास मापाची बेअरिंग गेली, की ती पार्सलने येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून उभी. स्टँड तर आपणच काढलेलं असतं.

पहिला आणि सगळ्यांत मोठा निर्णय दातांचा. एकच गिअर ठेवायचा, तर पुढच्या चेनव्हीलला किती दात आणि मागच्या फ्रीव्हीलला किती? काळ्या सायकलीचं जुनं उत्तर 44 बाय 18. चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर धरला, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 5.4 मीटर पुढे जाते. माणूस धापा न टाकता मिनिटाला साठ फेरे मारतो, म्हणजे तासाला साडेएकोणीस किलोमीटरच्या आत-बाहेर. आता मूर्तिजापूर ते अचलपूर धावायची ती शकुंतला आगगाडी आठवा. 76 किलोमीटरला ती जवळपास चार तास घ्यायची. भागाकार करून पाहा, ताशी 19! आगगाडी आणि सायकल या दोघींनी एकमेकींशी सल्लामसलत न करता वऱ्हाडाचा एकच वेग ठरवला होता. त्यापेक्षा जोरात जाऊन पोचायचं कुठे, हा प्रश्न दोघींनाही पडला असावा. म्हणून 48 बाय 16चा ताठा अचलपूर ते अंजनगाव सुर्जी जाणाऱ्याने करू नये. समोरून वारा सुटला, की मागचे दोन दात कमी केल्याचा हिशेब मांड्या चुकता करतात.

दातांनंतर चिखल. पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून गेलं, की आपली काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्या मधे अशी गच्च बसते, की चाक फिरायचं थांबतं आणि काडीने खरवडत बसावं लागतं. यावर फिक्सीवाले म्हणतील, पाहा, म्हणून मडगार्ड काढा. मडगार्ड काढलं तर तीच माती पाठीवर चढते. सासुरवाडीला जाताना तो नकाशा दाखवायचा कोणाला? खरं उत्तर मधल्या फटीत आहे : टायर आणि मडगार्ड यांच्या मधे दोन बोटं सहज गेली पाहिजेत, एवढा चिमटा रुंद हवा. टायर जाडच हवा, कारण पातळ टायरची आणि बाभळीच्या काट्याची गाठ पडली तर निकाल आधीच ठरलेला. मागच्या चाकाला 40 आरे आणि पुढच्याला 32, ही जुनी वाटणीही उगीच नाही. ओझं मागे असतं. ही चाकं सरळ करण्यासाठी मिस्त्रीला यंत्र लागत नाही. तो खडूचा तुकडा रिमजवळ अचल धरतो आणि चाक फिरवतो. जिथे रिम बाहेर आली असेल तिथेच पांढरी रेघ उमटते. मग त्या बाजूचा आरा सैल, समोरच्या बाजूचा घट्ट, आणि पुन्हा फेरी. रेघ सगळीकडे सारखी उमटली, की आऊट निघाला.

आता आक्षेप. पहिला वजनाचा. काळी सायकल वीस किलोच्या घरात, फिक्सी त्याच्या निम्मी. हे खरं आहे आणि चढावर ते जाणवतं. पण सपाटीवर एकदा वेग धरला, की मुख्य झुंज वाऱ्याशी असते. शिवाय सायकलीवरून जाणार काय, तेही पाहा. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, सरकीच्या ढेपेचं पोतं त्याहून जड, आणि दांड्यावर बसलेली नात दरवर्षी वाढते. दहा किलो वाचवायला हजारो रुपये मोजायचे आणि कॅरिअर काढल्यामुळे सिलिंडर ऑटोने आणायचा, हा हिशेब घरात कोणाला सांगून पटेल असं वाटत नाही.

दुसरा आक्षेप भक्तीचा. फिक्स्ड गिअरवर माणूस आणि रस्ता एक होतात म्हणे. सायकलपटू एडी मर्क्सने 1972 साली मेक्सिको सिटीत तासाभरात 49.431 किलोमीटर मारले ते अशाच सायकलवर, 52 बाय 14 दातांनी. मान्य. पण मर्क्सच्या ट्रॅकवर बसलेली म्हैस नव्हती आणि संत्र्यांचे क्रेट उतरवणारा मेटॅडोरही नव्हता. ब्रेकशिवाय थांबायचं तर पाय रोखून मागचं चाक घसटावं लागतं, आणि तिथे गणित आडवं येतं. 48 बाय 16 घेतलं तर भागाकार नेमका तीन, म्हणून तोच पाय पुढे ठेवून घसटलं, की दरवेळी टायरची तीच जागा रस्त्याला लागते आणि ती झिजून पार होते. 47 बाय 16 घेतलं तर घसारा सोळा जागी वाटला जातो. म्हणजे अविभाज्य संख्येचा व्यवहारात उपयोग काय, असं विचारणाऱ्या शाळकरी पोराला शेवटी उत्तर मिळालं : ब्रेक नसतील तर उपयोग आहे! तरी न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक ओल्या स्टीलच्या रिमवर जवळजवळ विनंतीच करतात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि तिला साजेसे केबलचे ब्रेक, एवढी एक सुधारणा परंपरेविरुद्ध जाऊन करावी. ब्रेक काढण्यावर खर्च होणारा पैसा ब्रेक चांगले करण्यात जावा.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे : मग चिखलदऱ्याचं काय? परतवाड्याहून तीसेक किलोमीटर, आणि चढ साडेसातशे मीटरच्या घरात. धामणगाव गढीनंतर घाट लागला, की ताशी आठाच्या वेगात 44 बाय 18वर मिनिटाला पंचवीस फेरे पडतात. त्याला सायकल चालवणं म्हणत नाहीत, रहाट ओढणं म्हणतात. उतरताना ताशी चाळीस गाठले आणि फ्रीव्हील नसलं, तर पाय मिनिटाला सव्वाशे फेऱ्यांनी फिरणार, मालकाची परवानगी न विचारता. 1937पर्यंत टूर द फ्रान्स शर्यतीत गिअर बदलण्याचं यंत्र वापरायला बंदी होती. तिथले वीर डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे. दुसऱ्या बाजूला जास्त दातांचं चक्र असे. आपणही मागे दुसऱ्या बाजूला 22 दात ठेवू शकतो. फेरे पंचवीसचे तीस होतील, दुःख तेवढंच राहील. मग एकवीस गिअरवाली घ्यावी काय? घ्यावी, घाट रोजचा असेल तर जरूर घ्यावी. वर्षातून एकदा चिखलदरा आणि उरलेले दिवस बाजार, शेत, शाळा असतील, तर एका गिअरच्या प्रत्येक सायकलीबरोबर दुसरा गिअर फुकट येतो, त्याला ना वजन ना तेलपाणी : खाली उतरायचं आणि हँडल धरून चालू लागायचं. फक्त तो वापरताना कोणी पाहत असेल तर पंक्चर झाल्याचा चेहरा करावा.