वारसाघर घेता का?

लिंकनशायरमधलं स्टॅमफर्ड म्हणजे १९६७ साली इंग्लंडचं पहिलं संरक्षित क्षेत्र ठरलेलं गाव. इथलं जॉर्जियन घर बहुधा वारसायादीत असतं. खिडकी बदलायची तर परवानगी हवी. न घेता बदललीत तर फौजदारी गुन्हा. फटीतून येणारा वारा तेवढा विनापरवाना. १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता. तो चुकवायला कुणा मालकाने विटांनी बुजवलेली खिडकी दलाल आज ‘मूळ वैशिष्ट्य’ म्हणून कौतुकाने दाखवतो. (करबुडव्यांनो, धीर धरा!) मागे उंच भिंतींची बाग. भिंती दिवसभर ऊन साठवतात, रात्री ऊब सोडतात, म्हणून इथल्या थंड हवेतही दक्षिणमुखी भिंतीला बांधलेला पीच पिकतो. मालक आत दोन स्वेटर चढवून बॉयलरच्या बिलाचे हप्ते मोजतो.